धम्मयात्रा : पाहणे, हेलावणे आणि कामाला लागणे



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "आपण काशी सोडली, पंढरी सोडली, जत्रा सोडल्या, नवस सोडले. मग आता बुद्धगया आणि लुंबिनी कशासाठी? हेही तीर्थच ना? पूर्वी त्या देवाला जात होतो, आता ह्या देवाला जायचे, एवढाच फरक का?" हा प्रश्न विचारणारी घरातली एखादी आजी असते, नाही तर कॉलेजात शिकणारा नातू असतो. दोघांचीही शंका प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक शंकेला धम्मात मान आहे. तिचे उत्तर न देताच आपण गाडीत बसलो, तर जुनी सवय नवे नाव धारण करून पुन्हा आपल्याच घरात शिरेल.

म्हणून आजच्या पाठात आपण धम्मयात्रेचा विचार करू. दूरदेशाहून येऊन एखादे ऐतिहासिक स्थळ पाहिल्याने माणसाची दृष्टी कशी बदलते, आणि दृष्टी बदलल्यावर त्याच्या हातून काय घडते, हे इतिहासातील खऱ्या प्रवाशांच्या उदाहरणांवरून पाहू. मग आपण स्वतः जाताना काय ध्यानात ठेवावे तेही ठरवू.

१. तथागतांनी काय सांगितले?

प्रथम तथागतांनी काय नाकारले ते पाहू. मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात सुंदरिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाची हकीकत आहे. तो भगवंतांना विचारतो, "गौतम बाहुका नदीवर स्नानाला जातात काय?" त्या नदीत पाप धुऊन जाते अशी लोकांची समजूत होती. भगवंतांनी त्याला समजावून सांगितले की, दुष्कृत्य करणारा माणूस अशा नद्यांत कितीही वेळा उतरला तरी शुद्ध होत नाही. जो खोटे बोलत नाही, जीवाची हिंसा करीत नाही, न दिलेले घेत नाही, त्याला गयेला जाऊन तरी काय करायचे आहे? त्याच्या घरची विहीर हीच त्याची गया, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ज्या गयेच्या परिसरात स्वतःला संबोधी प्राप्त झाली, त्या गयेबद्दल भगवंत हे बोलले, हे लक्षात घ्या.

आता त्यांनी काय सांगितले ते पाहू. दीघ निकायातील महापरिनिब्बान सुत्तात, कुशीनारा येथे अखेरच्या दिवसांत आनंदाशी बोलताना तथागतांनी चार ठिकाणांचा उल्लेख केला: जेथे तथागत जन्मले, जेथे त्यांना संबोधी प्राप्त झाली, जेथे त्यांनी धम्मचक्र प्रवर्तित केले आणि जेथे त्यांचे परिनिर्वाण झाले. म्हणजे लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ आणि कुशीनारा. ही ठिकाणे श्रद्धावान माणसाने पाहण्याजोगी आहेत, असे सांगताना त्यांनी त्यांच्यासाठी एक शब्द वापरला आहे. तो शब्द आहे 'संवेजनीय', म्हणजे ज्याने मनात संवेग उत्पन्न होतो असे स्थळ.

हा संवेग म्हणजे काय, हे अंगुत्तर निकायातील घोड्यांच्या दृष्टांतावरून कळते. एक घोडा चाबकाची सावली दिसताच सावध होतो. दुसरा चाबूक केसांना लागल्यावर, तिसरा कातडीला लागल्यावर आणि चौथा पार हाडापर्यंत वेदना पोचल्यावर सावध होतो. माणसांचेही तसेच आहे. कोणी दुसऱ्या गावच्या माणसाचे दुःख ऐकून जागा होतो, तर कोणी दुःख स्वतःच्या अंगावर आल्याशिवाय जागा होत नाही. असे खडबडून जागे होणे आणि जागे होऊन नीट वाटेने चालू लागणे, याला संवेग म्हणतात.

त्याच सुत्तात श्रद्धेने यात्रा करणाऱ्याला सद्गती मिळते असा उल्लेखही येतो. तो आपण लपविण्याचे कारण नाही. परंतु बुद्धवचन कोणते मानावे याची कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आपल्या हाती दिली आहे: जे बुद्धीला पटते, तर्काला धरून आहे आणि माणसाच्या कल्याणाचे आहे, ते स्वीकारावे. त्या कसोटीवर घासून पाहिले तर संवेगाची गोष्ट आपल्याला याच जन्मात, याच डोळ्यांनी पडताळून पाहता येते. तेव्हा आपण तीच धरून पुढे जाऊ.

२. पहिला प्रवासी : सम्राट अशोक

'धम्मयात्रा' हा शब्द आपल्याला सम्राट अशोकाने दिला. त्याच्या आठव्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. या विहारयात्रा म्हणजे शिकार आणि मौजमजा. राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी अशोक संबोधीच्या स्थानी, म्हणजे बुद्धगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय होई, याची यादीच लेखात आहे: श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना धनाचे साहाय्य, खेड्यापाड्यांतील प्रजेची भेट, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलणे आणि त्यांचे प्रश्न ऐकणे.

या यादीत स्नान नाही, मुंडण नाही, पिंडदान नाही. आहेत ती माणसेच. ज्या शिलालेखात ही धम्मयात्रेची व्याख्या आहे, त्याचा एक तुकडा १८८२ मध्ये आपल्या ठाणे-वसई भागातील सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील माणसांना राजाने हा धडा दगडावर लिहून दिला होता.

राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक स्वतः लुंबिनीला गेला. तेथे त्याने उभारलेला स्तंभ आजही जागेवर आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत अवघ्या पाच ओळींचा लेख आहे. येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून राजाने स्वतः येऊन वंदन केले, दगडी स्तंभ उभारला, लुंबिनी गावाचा धार्मिक कर माफ केला आणि जमिनीच्या उत्पन्नातील राजाचा भाग कमी करून आठवा हिस्सा ठेवला, असा त्याचा आशय आहे.

बंधूंनो, या शेवटच्या ओळीवर थोडे थांबा. ज्या तीर्थांना आपले आजे-पणजे जात, तेथे गरीब माणूस गाठीचे सोडून येत असे. दक्षिणा द्यायची, उतारे द्यायचे, कर्ज काढून जायचे आणि देवळाच्या पायरीवरूनच परत फिरायचे, कारण आत प्रवेश नव्हता. आणि येथे एक सम्राट यात्रेला येतो व जाताना तेथील शेतकऱ्यांच्या डोक्यावरचा बोजा हलका करून जातो. धम्मयात्रा आणि तीर्थयात्रा यांतील फरक सांगायला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

३. दुसरा प्रवासी : ह्युएनत्संग

इसवी सनाच्या सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी भिक्खू वाळवंट आणि बर्फाचे डोंगर पायांखाली घालून भारतात आला. इ. स. ६२९ च्या सुमारास तो निघाला आणि ६४५ मध्ये परतला. बुद्धगयेला बोधिवृक्षापुढे पोचल्यावर त्याने जमिनीवर अंग टाकले आणि तो रडला, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. ज्या काळी भगवंतांना संबोधी प्राप्त झाली त्या काळी आपण कोठे होतो, आणि इतक्या उशिरा या जगात का आलो, असे दुःख त्याला झाले. जमलेल्या भिक्खूंच्याही डोळ्यांत पाणी आले.

तेथे त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. बोधिमंडाच्या सीमेवरील बोधिसत्त्वाची एक मूर्ती छातीपर्यंत जमिनीत गेलेली होती. ही मूर्ती पूर्ण जमिनीत गेली की बुद्धाचा धम्म नाहीसा होईल, अशी तेथील वृद्धांत समजूत होती. एखादा माणूस हे ऐकून हात जोडून बसला असता. मूर्ती खाली जाते आहे, आता काय करणार? ह्युएनत्संगाने काय केले? तो नालंदेला गेला आणि आचार्य शीलभद्रांच्या हाताखाली सुमारे पाच वर्षे अभ्यासाला बसला. परत जाताना त्याने ६५७ ग्रंथ चीनला नेले आणि ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांतील ७५ ग्रंथांचा चिनी भाषेत अनुवाद केला. पुढे भारतात विहार ओस पडले, ग्रंथ नष्ट झाले. त्यांतील कित्येक ग्रंथ आज जगाला ठाऊक आहेत ते चिनी अनुवादांमुळे.

मूर्तीवर धम्म टिकत नाही, अभ्यासावर टिकतो, हे ह्युएनत्संगाच्या यात्रेचे सार आहे. तो रडला हे खरे, पण रडून झाल्यावर त्याने पोथी उघडली.

४. तिसरा प्रवासी : अनागारिक धर्मपाल

अनागारिक धर्मपाल यांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कोलंबो येथे एका सुखवस्तू व्यापारी कुटुंबात झाला. इंग्रजी अंमलात त्यांना घरी डॉन डेव्हिड असे परधर्मी नाव मिळाले होते. ते टाकून त्यांनी 'धर्मपाल' हे नाव घेतले. ज्यांना गावाने दिलेली हीनपणाची नावे टाकून आपल्या मुलांची सिद्धार्थ, राहुल, गौतमी, यशोधरा अशी नावे ठेवावीशी वाटली, त्यांना या कृतीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१८९१ च्या जानेवारीत धर्मपाल एका जपानी भिक्खूबरोबर भारतात आले. प्रथम सारनाथ पाहिले. नंतर २२ जानेवारीला ते बुद्धगयेला पोचले. त्या वेळी त्यांचे वय २६ वर्षांचे होते. एडविन अर्नोल्ड या इंग्रज कवीने बुद्धगयेच्या दुर्दशेबद्दल लिहिलेले त्यांनी वाचलेले होते. म्हणजे माहिती त्यांना होती. पण वाचणे वेगळे आणि समोर उभे राहणे वेगळे. सरकारने थोड्याच वर्षांपूर्वी महाविहाराची डागडुजी केली होती, तरी मूर्ती इकडेतिकडे पडलेल्या होत्या. जागेचा ताबा शैव महंताकडे होता आणि जगातील बौद्धांपैकी कोणीही तेथे व्यवस्था पाहायला नव्हते. धर्मपालांनी वज्रासनाला मस्तक टेकले आणि त्याच क्षणी त्यांच्या मनाने घेतले की, बौद्ध भिक्खू येऊन या स्थानाची व्यवस्था हाती घेईपर्यंत येथून हलायचे नाही. ही हकीकत त्यांनी स्वतः आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

आले होते ते दर्शनासाठी. राहिले ते कामासाठी. ब्रह्मी राजाने बांधविलेल्या धर्मशाळेत मुक्काम करून त्यांनी सिलोन, ब्रह्मदेश आणि इतर ठिकाणी पत्रांवर पत्रे धाडली. त्यानंतर ३१ मे १८९१ रोजी कोलंबो येथे महाबोधी सोसायटीची स्थापना झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बुद्धगयेत बौद्धांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १८९२ मध्ये सोसायटीचे नियतकालिक निघाले. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत धर्मपालांनी बौद्ध धम्माची बाजू मांडली.

काम सोपे नव्हते. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी जपानी बौद्धांनी दिलेली बुद्धमूर्ती त्यांनी महाविहाराच्या वरच्या मजल्यावर ठेवली, ती महंताच्या माणसांनी बाहेर काढली. प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, ती हायकोर्टाने रद्द केली. धर्मपाल हयात असेपर्यंत बुद्धगयेचा प्रश्न सुटला नाही. पण ते खचले नाहीत. सारनाथला त्यांनी मूलगंधकुटी विहार बांधविला, तो ११ नोव्हेंबर १९३१ रोजी उघडला. अखेरीस त्यांनी स्वतः चीवर धारण केले आणि २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथलाच देह ठेवला.

पुढे १९४९ मध्ये बुद्धगया मंदिराचा कायदा झाला आणि २८ मे १९५३ रोजी कारभार समितीकडे आला. या कायद्याने समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सभासद, व गयेचा जिल्हाधिकारी अध्यक्ष, अशी रचना केली. अध्यक्ष हिंदूच असावा ही अट २०१३ मध्ये दूर झाली. परंतु संपूर्ण व्यवस्था बौद्धांच्या हाती असावी ही मागणी पुरी झालेली नाही. २०२५ मध्ये याच मागणीसाठी बुद्धगयेत भिक्खूंनी उपोषण केले. २६ वर्षांच्या एका परदेशी तरुणाने वज्रासनापुढे केलेला निश्चय अशा रीतीने आजही काम करतो आहे.

५. चौथा प्रवासी : ऊ थांट

ब्रह्मदेशाचे ऊ थांट हे पूर्वी शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे १९६१ ते १९७१ या काळात ते संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव झाले. जगातील युद्धे मिटविण्याचे ओझे खांद्यावर असलेला हा बौद्ध गृहस्थ १९६७ च्या एप्रिलमध्ये लुंबिनीला आला.

लुंबिनीची कथा विलक्षण आहे. ह्युएनत्संगाने तेथील स्तंभ वीज पडून मोडलेला पाहिला होता. नंतर कित्येक शतके हे ठिकाण जग विसरून गेले. गावकरी त्या जागेला रुम्मिनदेई म्हणत आणि मायादेवीच्या शिल्पाला गावदेवी समजून पूजत. १८९६ मध्ये स्तंभावरील लेख उजेडात आला, तेव्हा कोठे बुद्धाचे जन्मस्थान निश्चित झाले. बुद्धाला काल्पनिक म्हणणाऱ्यांची तोंडे त्या पाच ओळींनी बंद केली. तरीही पुढील सत्तर वर्षांत जागेची स्थिती फारशी सुधारली नव्हती.

ऊ थांट यांनी ती स्थिती पाहिली आणि ते हेलावून गेले. त्यांनी नेपाळचे राजे महेंद्र यांच्याशी या प्रश्नावर बोलणे केले. त्यातून १९७० मध्ये लुंबिनीच्या विकासासाठी १३ राष्ट्रांची समिती न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. त्यांत ब्रह्मदेश, सिलोन, थायलंड, जपान यांसारखी बौद्ध राष्ट्रे तर होतीच, पण इंडोनेशिया, पाकिस्तान, अफगाणिस्तान ही राष्ट्रेही होती. जपानचे वास्तुशिल्पी केन्झो टांगे यांच्याकडे आराखड्याचे काम दिले गेले. तो आराखडा १९७८ मध्ये मंजूर झाला. १९९७ मध्ये लुंबिनीचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

ऊ थांट यांच्याजवळ सैन्य नव्हते की खजिना नव्हता. त्यांच्याजवळ एक पद होते आणि त्या पदाचा उपयोग त्यांनी केला. यात्रेहून परतलेल्या माणसाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हाच आहे: माझ्याजवळ काय आहे, आणि ते मी कशासाठी वापरतो?

६. बाबासाहेब कसे पाहत

परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रवासांतूनही आपल्याला शिकावयाचे आहे. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने ते सिलोनला गेले. बौद्ध समाजातील विधी कसे चालतात आणि तेथे धम्म कितपत जिवंत आहे, हे आपण पाहायला आलो आहोत, असे त्यांनी तेथे सांगितले. केवळ हात जोडून परत यायला ते गेले नव्हते. त्यांनी पाहिले, तपासले आणि मनात नोंद केली. १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनच्या परिषदेला गेले आणि त्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, देहूरोडच्या विहारात त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. बाहेर पाहिले आणि लगेच येथे काम उभे केले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले, ते महास्थवीर चंद्रमणी कोण होते? ते ब्रह्मदेशातील आराकानचे. तरुण वयात ते या भूमीत आले आणि कुशीनारा येथे राहून त्यांनी आयुष्य धम्मकार्याला वाहिले. विचार करा. जी स्थळे आपल्या देशात असूनही आपल्या पूर्वजांना परकी झाली होती, ती परदेशी माणसांनी येऊन सांभाळली. त्यांपैकीच एक भिक्खू नागपूरला आला आणि त्याच्या मुखातून उच्चारलेले 'बुद्धं सरणं गच्छामि' बाबासाहेबांच्या मुखातून आपल्या घरापर्यंत पोचले. आपली दीक्षासुद्धा अशा एका प्रवाशाची ऋणी आहे.

नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेब सारनाथ आणि कुशीनारा येथे गेले. प्रकृती ढासळलेली होती. ३० नोव्हेंबरला ते दिल्लीस पोचले आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

७. आपण काय पाहावे, काय करावे

या प्रवाशांपैकी एकालाही त्या स्थळाने काही 'दिले' नाही. कोणाचा रोग बरा झाला नाही, कोणाला मूल झाले नाही, कोणाची कोर्टकचेरी जिंकली गेली नाही. प्रत्येकाची दृष्टी बदलली आणि त्या बदललेल्या दृष्टीने प्रत्येकाने आपल्या शक्तीप्रमाणे काम केले. अशोकाने कर कमी केला, ह्युएनत्संगाने ग्रंथ नेले, धर्मपालांनी संघटना उभी केली, ऊ थांट यांनी राष्ट्रे एकत्र आणली.

आपल्यासारख्या माणसाची दृष्टी तेथे कशी बदलते? गावात आपल्याला गावकुसाबाहेरचे म्हटले गेले. पिढ्यान्‌पिढ्या ऐकून ऐकून ते आपल्या मनातही उतरले. असा माणूस लुंबिनीच्या स्तंभापुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्या एका बाजूला थायलंडचा शेतकरी असतो, दुसऱ्या बाजूला जपानची वृद्ध बाई असते. तिघे एकाच शब्दांनी त्रिशरण म्हणतात. कोणी कोणाची जात विचारीत नाही, कारण त्या दोघांना तो प्रश्नच ठाऊक नाही. आपण एका गावाच्या कडेला राहणारे लोक नसून अनेक देशांत पसरलेल्या धम्मकुटुंबाचे सभासद आहोत, ही गोष्ट शंभर भाषणांनी कळत नाही ती तेथे एका सकाळी कळते.

मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत.

पहिले पथ्य : कर्ज काढून जाऊ नका. मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडून केलेली यात्रा ही धम्मयात्रा नव्हे. विहारातील दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून दरमहा थोडे थोडे बाजूला टाकावे आणि दोन वर्षांनी जावे.

दुसरे : जाण्यापूर्वी अभ्यास करा. ज्या स्थळी जायचे त्याची माहिती विहारात निदान चार रविवार वाचा. मुलांना वाचायला लावा. न वाचता गेलेल्याला तेथे फक्त विटा दिसतात.

तिसरे : नवस बोलू नका, गंडेदोरे आणू नका. बोधिवृक्षाचे पान आणले तर आठवण म्हणून ठेवा, उशाखाली ठेवून ताप उतरण्याची वाट पाहू नका. ताप आला तर डॉक्टरकडे जा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात एवढे तरी झालेच पाहिजे.

चौथे : सगळा वेळ मोबाईलवर फोटो काढण्यात घालवू नका. अर्धा तास शांत बसा. मग तेथील माणसांशी बोला. अशोकाने तेच केले होते. भिक्खूंना प्रश्न विचारा, गावकऱ्यांची स्थिती विचारा, दुसऱ्या देशांतील उपासक घरात मुलांना धम्म कसा शिकवितात ते विचारा.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे : परत आल्यावर एक काम हाती घ्या. एकच, पण पुरे करा. विहारात वाचनालय, मुलांचा अभ्यासवर्ग, एखाद्या विधवा भगिनीच्या मुलाची फी, काहीही असो. यात्रेची पावती म्हणजे हे काम.

लुंबिनी नेपाळात आहे. भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. उत्तर प्रदेशातील गोरखपूरहून सोनौलीच्या सीमेवरून लोक जातात. ओळखपत्र मात्र प्रत्येकाने जवळ ठेवावे आणि वृद्धांना घेऊन कडक उन्हाळ्यात जाणे टाळावे.

ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी मन लहान करू नये. भगवंतांनी सुंदरिक भारद्वाजाला दिलेले उत्तर त्यांच्यासाठीच आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात काय कमी आहे? कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर, नाशिक, अजिंठा ही लेणी आपल्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील ब्राह्मी लेख वाचा. सिंहदत्त नावाच्या गंध्याचे दान आहे, सामी नावाच्या सुताराचे नाव आहे आणि खांब देणाऱ्यांत परदेशी यवनही आहेत. सुगंधी द्रव्ये विकणारा, सुतार आणि परदेशी माणूस यांची नावे एकाच चैत्यात कोरली गेली. ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला तेव्हा येथे शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू होते, असे त्याने लिहिले आहे. हा वारसा ज्याला कळला त्याची दृष्टी बदलायला घरापासून फार दूर जावे लागत नाही.

तेव्हा घरातल्या आजीला आणि नातवाला आता सांगा : तीर्थाला आपण काही मागायला जात होतो. लुंबिनीला, बुद्धगयेला आपण जागे व्हायला जातो. आणि जागा झालेला माणूस परत आल्यावर झोपत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न (रविवारच्या वंदनेनंतर कुटुंबात किंवा विहारात चर्चा करावी)

१. 'संवेजनीय' या शब्दाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा. घोड्यांच्या दृष्टांतातील कोणत्या घोड्यासारखे आपण आहोत?

२. अशोकाच्या लुंबिनी यात्रेने तेथील शेतकऱ्यांचा कोणता फायदा झाला? आपल्या यात्रेने दुसऱ्या कोणाचा फायदा कसा होईल?

३. जमिनीत जाणाऱ्या मूर्तीविषयीची समजूत ऐकूनही ह्युएनत्संग अभ्यासाला का लागला असेल?

४. धर्मपालांच्या हयातीत बुद्धगयेचा प्रश्न सुटला नाही. मग त्यांचे कष्ट वाया गेले असे म्हणता येईल काय? कारणे द्या.

५. आपल्या जवळचे लेणे कोणते? पुढील तीन महिन्यांत ते पाहण्याचा बेत ठरवा आणि परत आल्यावर करावयाचे एक काम आधीच लिहून ठेवा.

नमो बुद्धाय! जय भीम!